रिबकाच्या नावावरची रेघ

"चपला हातात घ्या आन् फरशीवर बोलू नका," फाटकावरचा म्हातारा म्हणाला. "पोरं उभी हायेत."

मी आत डोकावलो. फाटकापासून थेट चॅपलच्या दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट होती आणि त्या वाटेवर पोरं उभी होती. एका फरशीवर एक पोर. करडे कपडे, हात पोटाशी जुळवलेले, तोंड चॅपलकडे. कुठल्याही शाळेचा गलका लांबूनच कानावर येतो. इथं झाडातून वारा जात होता तेवढाच आवाज. एकही पोर नाक ओढत नव्हतं, एकही पाय खाजवत नव्हतं.

"प्रार्थना चालली आहे का?" एस्तेरनं, माझ्या बायकोनं, हळूच विचारलं.

"नाय बाई. उभी हायेत, येवढंच."

रिबकानं माझं बोट घट्ट धरलं. नऊ वर्षांची होती तेव्हा. "पप्पा, ह्यांना शिक्षा झालीये का?"

"शिक्षा नाही गं. शिस्त म्हणतात याला," एस्तेर म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मला मात्र खांद्यावरची हत्यारांची पिशवी एकदम जड वाटायला लागली.

माझं नाव शांतवन लाजर घोडके. मी कबरीवरच्या दगडांवर नावं कोरतो. माझा बाप हेच करायचा. सातवीतून माझी शाळा सुटली, पुढं जे काय वाचलं ते रद्दीतून आणि दगडावरून. श्रीरामपूरकडच्या आमच्या भागात लोक मला कबरवाला म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या पोरीला कबरवाल्याची म्हणायला लागले तेव्हा वाटलं.

रिबका गावातल्या इंग्लिश मीडियममध्ये होती. तिथल्या बाईंनी भर वर्गात तिला विचारलं, "तुमच्या लोकांना दूधपावडर मिळाली म्हणून तुम्ही देव बदलला ना गं?" वर्ग खिदळला. रिबका घरी आली आणि मला म्हणाली, "पप्पा, आपल्याला किती पावडर मिळाली होती?"

काय सांगणार? त्या बाईच्या आजोळी विहिरीवर आमच्या आजीला दोर शिवू देत नव्हते हे सांगू? नऊ वर्षांच्या पोरीला? पोरीनं त्या दिवसापासून शाळेत डबा उघडणं बंद केलं.

आणि आमची चर्चची मंडळी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे! रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतात आणि मुलीला स्थळ सांगून आलं की पाळकापासून सगळे हळूच विचारतात, मूळचे कोणत्या वाड्यातले? शंभर वर्षं झाली बाप्तिस्मा घेऊन. वाडा काही धुऊन निघाला नाही.

तर अशा वेळी एस्तेरनं या शाळेचा विषय काढला. घाटावर एका जुन्या मिशन बंगल्यात कुणीतरी खाजगी शाळा सुरू केली होती. ख्रिस्ती, पण कुठल्या मिशनची नाही. लॅटिन शिकवायचे, जुने ग्रंथ तोंडपाठ करून घ्यायचे. आमच्याकडे तिला लॅटिनवाली शाळाच म्हणायचे. मंडळीतल्या सुमन पारखेनं तिची स्वाती तिथं घातली होती. सुमन एस्तेरबरोबर मिशन हॉस्पिटलात नर्स. ती दर रविवारी सांगायची, "लई सुधारली गं पोरगी. जेवताना आवाज नाही, बोलताना हातवारे नाहीत. सुट्टीत आली तर नुसती बसून राहते. आता तर रडतसुद्धा नाही."

एस्तेर ते ऐकून घरी येऊन मला ऐकवायची. आधी रिबका, मग पुढच्या वर्षी धाकटा योना, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मी फोन केला. शाळेचे प्रमुख सिरिल सर स्वतः बोलले. माझा धंदा ऐकून जरा थांबले आणि म्हणाले, "मग येताना हत्यारं आणा. प्रवेशाच्या दिवशी इथं प्रत्येक मुलाचा एक दगड होतो. तुमच्या मुलीचा तुम्हीच करा. फीचं आपण बघू."

मला वाटलं, भिंतीवर नावं लावत असतील. मान म्हणून. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

फाटकाशी आम्हाला जरा थांबावं लागलं. म्हाताऱ्याचं नाव गेनूबाबा. अंगावर शाळेनं दिलेला करडा कोट, खाली धोतर. मी तंबाखूची चंची पुढं केली. त्यानं इकडंतिकडं बघून चिमूटभर घेतली आणि दाढेखाली दडवली.

"किती दिवस आहात इथं?"

"शाळा उभी ऱ्हायल्यापून."

"मूलबाळ?"

"हाये की. येक पोरगं." म्हाताऱ्याच्या सुरकुत्या हलल्या. "लई मोठ्या पदावर हाये. चार भाषा येत्यात त्याला."

"मग येतो की नाही भेटायला?"

"म्या बघतो त्याला रोज," म्हातारा म्हणाला आणि एकदम ताठ होऊन बाजूला सरकला. सिरिल सर येत होते.

पन्नाशीचा माणूस. पांढरा सदरा, कडक घडी, पायात आवाज न करणारे बूट. चेहरा आपल्याच माणसाचा, रंग आपलाच, पण त्यांच्या मराठीला गाव नव्हतं. नगरची नाही, मिरजेची नाही, कुठलीच नाही. छापून काढल्यासारखी.

"गडी, फाटक लाव," ते म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाले. मग आम्हाला, आपल्या ख्रिस्ती रीतीनं, "सलाम. या."

वाटेच्या कडेनं, गवतातून, त्यांनी आम्हाला नेलं. पोरांच्या अंगावरून गेलो तरी एकाही पोराची नजर हलली नाही. चॅपलच्या दारातली फरशी तेवढी रिकामी होती. सर ती ओलांडून आत गेले. ओलांडताना त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. पाय आपोआप उचलला गेला, घरातल्या उंबऱ्यावर उचलतो तसा.

ऑफिसात बसल्यावर त्यांनी विचारलं, "आडनाव?"

"घोडके."

"ते इथं लागणार नाही." ते हसले. "इथं आडनाव नाही, गाव नाही, वाडा नाही. कुणी विचारत नाही, कारण कुणाला सांगता येत नाही."

पहिलं वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. त्या आनंदात दुसरं माझ्या डोक्यावरून गेलं.

"शिकवता काय काय सर?" एस्तेरनं विचारलं.

"जे टिकलं ते. लॅटिन, थोडं ग्रीक. तर्क. पाठांतर पुष्कळ. मूल आधी रिकामं करतो, मग भरतो. आणि बाई, इथून बाहेर पडलेल्या मुलाला कुणी दूधपावडरवाला म्हणत नाही."

एस्तेरनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तिनं डोळ्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलंत? मी मान हलवली. मी फोनवर त्यातलं काहीच बोललो नव्हतो.

"दगडाचं काय?" मी विचारलं. "कुठल्या भिंतीवर बसवता?"

"भिंतीवर नाही. वाटेत. बघितलीत ना तुम्ही."

"त्या फरशांवर नावं नव्हती."

"खालच्या अंगाला आहेत. तोंड मातीकडे." सर अगदी सहज सांगत होते. "मूल येतं ते जुनं नाव घेऊन येतं. ते कोरायचं, मातीकडे तोंड करून बसवायचं, आणि मुलाला त्यावर उभं करायचं. मग नवं नाव. रोज सकाळी प्रत्येक जण आपापल्या दगडावर उभा राहतो. जुना माणूस पुरल्याशिवाय नवा उठत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुमचा तर तो धंदाच."

"आणि दारातली ती रिकामी?"

"ती माझी. मी स्वतःपासून सुरुवात केली."

आज वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस तिथंच का उठला नाही? का उठेन? बाप्तिस्म्यात आम्ही हेच ऐकत आलो, जुना मनुष्य मरतो. आणि माझ्या जुन्या नावानं मला काय दिलं होतं? मागच्या बाकावरची जागा. मला पटलं. पटलं म्हणूनच सांगतो आहे.

इतक्यात घंटा झाली आणि पोरं चॅपलमध्ये येऊन लॅटिन म्हणायला लागली. मला भाषा कळत नव्हती, पण मी भजनी घरातला आहे, गळे ओळखतो. दहा पोरं गायली तरी एखादं घसरतं, एखादं पुढं पळतं. इथं श्वाससुद्धा सगळ्यांचा एका जागी तुटत होता. एवढी पोरं, आणि ऐकू येत होता एकच गळा. मोठ्या माणसाचा.

"किती गोड," एस्तेर म्हणाली. पण तिनं पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, रिबकाला आत घेऊन गेल्या. एस्तेरही गेली. मला मागच्या अंगणात सिल्व्हर ओकखाली बसवलं. तिथं एक फरशी तयार ठेवलेली होती, स्वच्छ घासलेली. मी खडूनं अक्षरं आखली आणि छिन्नी लावली. रि. मग ब. हात कामाला लागला की माझं डोकं गप्प बसतं, तसं बसलं.

थोड्या वेळानं एस्तेर बाहेर आली. हसत होती, पण हसू ओठांवर टिकत नव्हतं.

"मॅडमनी तिला नाव विचारलं."

"मग?"

"म्हणते, पप्पा बनवतायत, अजून झालं नाही."

आम्ही दोघंही हसलो. ते हसणं बंगल्याच्या भिंतीवर आपटून असं काही परत आलं की एस्तेरनं तोंडावर हात ठेवला.

एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोन वेण्या, करडा फ्रॉक. एस्तेर ताडकन उठली. "अगं स्वाती! केवढी झालीस!"

"नाही बाई. मी लुसिया."

"सुमनची स्वाती ना तू? सुमन पारखेची?"

मुलीनं विचार केला. परीक्षेत प्रश्न आल्यावर करतात तसा, मनापासून. "मला माहीत नाही, बाई."

एस्तेरनं तिचा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. "हे बघ. तुझ्या हातावर दुधाचं पातेलं उलटलं होतं. मी पट्टी केली होती तुला. तू मला चावली होतीस!"

मुलगी त्या डागाकडे बघत राहिली. आपल्या हातावर दुसऱ्याची वस्तू राहून गेली असावी तशी. "ते आधीपासून आहे," ती म्हणाली आणि तांब्या ठेवून लांब जाऊन उभी राहिली. हात पोटाशी.

"अहो," एस्तेर माझ्या कानाशी म्हणाली, "ही पोरगी नाटक करत नाहीये."

शेवटच्या अक्षराचा काना राहिला होता, तो मारला. धूळ फुंकली. रिबका. झालं.

सिरिल सर मागं येऊन कधी उभे राहिले ते कळलंच नाही.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. मग वाकून बघितलं. "रेघ राहिली आहे."

मी दगडाकडं बघितलं. तीन अक्षरं सुटी सुटी उभी होती. वरची रेघ मी ओढलीच नव्हती. विसरलो नव्हतो. हाताला सवय होती.

ही सवय आमच्या घराण्याच्या धंद्यातली आहे. नवरा-बायकोतलं एक गेलं की पुष्कळ लोक जोडदगड करून घेतात. गेलेल्याचं नाव पुरं कोरायचं. मागं राहिलेल्याचंही शेजारी कोरायचं, पण वरची रेघ न ओढता. अक्षरं नुसती उभी ठेवायची. ते माणूस जाईल त्या दिवशी जाऊन रेघ ओढायची, की नाव मिटलं. माझ्या बापानं मला छिन्नी हातात देताना पहिली गोष्ट ही सांगितली, जिवंत माणसाच्या नावावर रेघ ओढायची नाही. माझा बाप वारल्यावर त्याच्या शेजारी आईचं नाव मीच तसं कोरलं होतं. दर ईस्टरच्या पहाटे आई कबरस्तानात जायची, तळहातानं दगड धुवायची आणि मोठ्यानं हसून म्हणायची, "माझी रेघ शिल्लक हाय बरं का रे शांत्या!" मग एका वर्षी मी ती ओढली. एस्तेर माझ्या शेजारी उभी होती.

"राहू द्या तशीच," मी सरांना म्हणालो.

"अपुरं नाव बसवता येत नाही. रेघ ओढा."

"मातीत तर जायचंय. कोण बघणार?"

"ओढा." आवाज चढवला नाही त्यांनी. "रेघ ओढल्याशिवाय ती इथली होत नाही."

एस्तेरनं आता कुठं दगडाकडं नीट बघितलं. "रिबूचे पप्पा," ती म्हणाली, "छिन्नी खाली ठेवा."

"ठेवलीये."

"लांब ठेवा!"

तेवढ्यात मॅडम रिबकाला घेऊन आल्या. करडा फ्रॉक, दोन वेण्या. मी हाक मारली, "रिबू!" ती वळली नाही. तिची नजर दगडावर होती. हात पोटाशी जुळवलेले. घरातून निघताना हीच पोरगी एस्टीच्या खिडकीत बसायला भांडली होती.

"पप्पा, झालं का नाव?" तिनं विचारलं.

"वडील रेघ ओढतील, मग होईल," सर म्हणाले.

माझं डोकं सटकलं. आयुष्यात पुष्कळांनी मला सांगितलं होतं, इथं बस, तिथं बसू नको. माझ्या पोरीच्या नावावर रेघ ओढ असं कुणी सांगितलं नव्हतं. मी उठलो.

"आधी तुमचा दगड दाखवा," मी म्हणालो. "बघू तुमच्यावर किती जाड रेघ आहे."

मला वाटलं, आता माणूस चिडेल, हाकलून देईल. ते हसले. मनापासून. "जरूर. लपवण्यासारखं काय आहे? गडी! पहार आण."

गेनूबाबा पहार घेऊन आला, पण कशाला ते कळल्यावर जागीच थबकला. "नगा सर," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. बसलाय तो चांगला."

"उचल."

म्हातारा हलेना. शेवटी मीच त्याच्या हातातून पहार घेतली, चॅपलच्या दाराशी गेलो आणि पहार सांध्यात खुपसून तिथली फरशी उचकटली. पोरं आवाजानं चॅपलच्या पायऱ्यांवर आली होती, रांग न मोडता. फरशी उलटी पडली. खाली ओली माती, मुळ्या, गांडुळं. अक्षरांत चिखल भरलेला. स्वातीही तांब्या उचलून सगळ्यांच्या मागोमाग आली होती. एस्तेरनं तो तिच्या हातातून घेऊन पाणी ओतलं.

येशुदास गेनू उमाप.

अक्षर ओबडधोबड, पण वरची रेघ बोटभर खोल. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिन्ही नावांवरून एकच.

सिरिल सर खाली वाकले. ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत त्यांनी वाचलं. ये. शु. दास. चार भाषा येणारा माणूस पहिलीतल्या पोरासारखा वाचत होता. मग सरळ झाले आणि माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं,

"कुणाचं नाव आहे हे?"

एस्तेर हसली, थट्टा समजून. मग तिचं हसू थांबलं. त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. मी कबरस्तानात वाढलो, मला मेलेल्याची भीती वाटत नाही. त्या दिवशी त्या जिवंत माणसाच्या डोळ्यांत बघून वाटली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते वाट बघत होते, मी सांगेन म्हणून.

"सर, तुम्हीच म्हणालात, हा तुमचा दगड," मी म्हणालो.

"हो, माझाच. पण हे नाव कुणाचं?"

गेनूबाबा गुडघे मोडून खाली बसला. करड्या कोटाच्या बाहीनं त्यानं दगड पुसला, वरून खाली, पोराचं तोंड पुसावं तसा.

"माझ्या पोराचं हाये," तो म्हणाला.

सरांनी म्हाताऱ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीतरी वर यायला धडपडत होतं, मला दिसलं ते, आणि मग बुडालं.

"असं का," ते सौम्यपणे म्हणाले. "वाईट झालं. कधी गेला?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "त्यालाच हौस व्हती सर. म्हनला, बाबा, मला गाडून टाक, म्हंजी मी मोठा व्हईन. म्याच पाथरवट आनला. म्याच म्हनलं त्याला, रेघ जरा खोल घे." मग त्यानं दोन्ही हातांनी फरशी धरली. "बसवू का परत?"

"बसव," सर म्हणाले.

मी रिबकाला उचललं. नऊ वर्षांची पोर, जड होती, पण उचललं. ती अंगाला ताठ लागत होती, लाकडासारखी. एस्तेरनं धावत जाऊन मागच्या अंगणातली ती तीन अक्षरांची फरशी आणली आणि छातीशी धरली. ज्या बाईनं महिनाभर या शाळेसाठी माझं डोकं खाल्लं होतं, ती मला म्हणत होती, "चला. फ्रॉक बदलायला थांबू नका. चला!"

वाटेत स्वाती आडवी आली. फरशीवर उभी होती, तिच्या स्वतःच्या.

"काका," ती म्हणाली. त्या शाळेत मला कुणी पहिल्यांदाच काका म्हणत होतं. "माझापण उलटा करा ना."

मी रिबकाला खाली ठेवलं. पहार अजून माझ्या हातातच होती, मला भान नव्हतं. स्वाती बाजूला झाली. मी फरशी उचकटली, उलटी केली. मॅडम ओरडल्या, "लुसिया, आत जा!" मुलगी हलली नाही. ती उकिडवी बसली आणि बोटानं चिखल काढायला लागली. रेघ होतीच, पण बोटभर नाही, नखाएवढी.

"स्वा," ती म्हणाली. "स्वाती." मग भराभर, न वाचता, "स्वाती सुमन पारखे, मु. पो. बेलापूर, चर्चच्या मागं." आणि तिनं भोकाड पसरलं. "आई! मला आईकडं जायचंय!"

तो त्या शाळेतला पहिला पोराचा आवाज. मोठ्या माणसाचा नाही, कोरसमधला नाही. नाक गळणारा, बेसूर, आठ-दहा वर्षांच्या पोराचा. रिबकाच्या अंगाला एक झटका बसला आणि तीही रडायला लागली. पायऱ्यांवरची रांग मोडली. एक मुलगा खाली उतरला, आपल्या फरशीशी बसला आणि नखांनी सांध्यातली माती उकरायला लागला. "माझा पण," तो म्हणाला. मग दुसरा. मग सगळीकडून, माझा पण, माझा पण.

सिरिल सर दारात उभे होते, त्यांच्या फरशीच्या खड्ड्यापलीकडं. ते पोरांकडं बघत नव्हते. खड्ड्याकडं बघत होते.

मी पहार त्या पोरांत टाकली आणि आम्ही निघालो. स्वातीला बरोबर आणता आलं नाही, मॅडमनी तिला धरून ठेवलं होतं. फाटक उघडायला कुणी नव्हतं. आमचं आम्हीच उघडलं.

संध्याकाळी एस्तेर हॉस्पिटलात न जाता थेट सुमनच्या दारात गेली. दुसऱ्या दिवशी सुमन पोरीला घेऊन आली. बाकीच्या पोरांचं काय झालं मला माहीत नाही. शाळा बंद पडली असं सांगायला मला आवडलं असतं, पण ती चालू आहे. चांगली चालली आहे. वाट आता सिमेंटमध्ये पक्की बसवली आहे म्हणे. आणि आमच्यातले शिकलेसवरलेले लोक अजूनही मला विचारतात, त्या लॅटिनवाल्या शाळेत तुमची ओळख आहे का हो?

त्या वर्षी मी रिबकाला घेऊन जुन्याच शाळेत गेलो आणि त्या बाईंना भर वर्गात सांगितलं, माझ्या आजीला तुमच्या विहिरीनं पाणी दिलं नाही म्हणून आम्ही देव बदलला. पावडर नंतर आली. आणि पावडर चांगली होती. रिबका त्या दिवशी डबा खाऊन आली.

आता ती नाशिकला कोर्टात वकिली करते. पाटीवर पूर्ण नाव लावलं आहे, रिबका शांतवन घोडके. कुणी वाडा विचारला तर वाडा सांगते आणि वर विचारते, तुमचा?

ती फरशी आमच्या परसात नळाखाली आहे. तोंड वर. ईस्टरला रिबका घरी येते, कबरस्तानातून आली की चपलासुद्धा न काढता परसात जाते, तळहातानं ती फरशी धुते आणि मला ऐकू जाईल अशी ओरडते, "पप्पा, माझी रेघ शिल्लक आहे हं!"

"आहे, आहे," मी आतून म्हणतो.

हात थरथरतात आता, धंदा मी बंद केला. हत्यारं विकली. रिबकाचं नाव कोरलेली एक छिन्नी तेवढी विकली नाही, आणि ती कुठं ठेवली आहे ते मी कुणालाही सांगणार नाही.